‘शाळेची तयारी’ : धडगाव परिसरातील बालशिक्षणाच्या संदर्भात एका षष्ठीचा विचार

१

मराठीतील षष्ठी विभक्ती अर्थाच्या दृष्टीने संदिग्ध असू शकते, ही गोष्ट व्याकरणाच्या विद्यार्थ्यास नवी नाही. ‘आईची आठवण’ या शब्दसमूहात आठवण करणारी आई असू शकते, अथवा जिची आठवण येते ती आई असू शकते. पहिल्या अर्थी षष्ठ्यन्त पद कर्त्याचे काम करते, दुसऱ्या अर्थी कर्माचे. ‘शाळेची तयारी’ हा प्रयोगही याच जातीचा आहे. मुलाने शाळेसाठी करावयाची तयारी हा त्याचा एक अर्थ. मूल येणार म्हणून शाळेने स्वतः करावयाची तयारी हा दुसरा. व्यवहारात आपण पहिलाच अर्थ गृहीत धरतो. दुसरा अर्थ भाषेत उपलब्ध असूनही शिक्षणविचारात तो बहुधा मागे पडलेला दिसतो.

प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित अर्थाचा विचार धडगाव परिसराच्या संदर्भात करावयाचा आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शाळेकरिता सिद्ध करण्याचे जे सामूहिक प्रयत्न महाराष्ट्रात झाले व होत आहेत, त्यांची भाषिक बाजू तपासणे हा लेखाचा हेतू. पोषण, आरोग्य, इमारत, मानधन इत्यादी प्रश्न महत्त्वाचे आहेत. तथापि ते प्रस्तुत लेखकाच्या अभ्यासाबाहेरचे असल्यामुळे येथे त्यांना स्पर्श केलेला नाही.

२

या प्रयत्नांची परंपरा थोडक्यात लक्षात घेतली पाहिजे. फ्रेबेलने १८३७ मध्ये जर्मनीतील ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली व १८४० मध्ये तिला ‘मुलांची बाग’ या अर्थाचे नाव दिले. मॉन्टेसरीबाईंचे पहिले बालगृह १९०७ मध्ये रोम शहरातील कामकरी वस्तीत सुरू झाले. आपल्याकडे गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगर येथे बालमंदिर स्थापले आणि पुढे १९२६ मध्ये त्यांनी व ताराबाई मोडक यांनी नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. येथवरचे भारतीय बालशिक्षण हे मुख्यतः शहरी व मध्यमवर्गीय होते.

ताराबाईंचे ऐतिहासिक कार्य पुढचे आहे. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीच्या सान्निध्यात गेले. बालवाडी गावात उघडली तरी पाड्यावरची मुले तेथे येत नाहीत, हा अनुभव आल्यावर ताराबाईंनी बालवाडीच पाड्यावर नेली. कोणाच्या तरी अंगणात मुले जमवावयाची, हाताशी असलेल्या पाने, बिया, शंख, माती यांतून साधने करावयाची, असा हा प्रकार होता. त्यालाच अंगणवाडी हे नाव मिळाले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कोसबाडला कुरणशाळाही चालविण्यात आली. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हे या सर्व प्रयोगांमागील सूत्र होय. आरंभी सांगितलेल्या षष्ठीचा दुसरा अर्थ महाराष्ट्रात प्रथम कोणी ओळखला असेल तर तो ताराबाईंनी, असे म्हणण्यास हरकत नाही.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. शब्द गेला, त्याबरोबर अंगणही गेले. मात्र अंगणाच्या कल्पनेतून निघणारा भाषिक निष्कर्ष त्याबरोबर गेला नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तो का गेला नाही याचे कारण कोसबाड आणि धडगाव यांच्या भाषिक स्थितीतील भेदात सापडते.

३

ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणात वारलीचा समावेश सातव्या खंडात, म्हणजे मराठीच्या खंडात केलेला आहे. पावरी मात्र नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिली भाषांमध्ये, येते. हा खंड १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रियर्सनच्या वर्गीकरणातील तपशिलांवर पुढे पुष्कळ मतभेद झाले असले, तरी येथे अभिप्रेत असलेला मुद्दा त्यामुळे बाधित होत नाही. वारली बोलणारे मूल आणि मराठी बोलणारी शिक्षिका यांच्यामध्ये जे अंतर आहे ते बोलीबोलींमधील अंतर आहे. उच्चार निराळे, काही शब्द निराळे, प्रत्ययांची रूपे निराळी. परंतु कान सरावला की वाक्य उमगते. पावरी मूल आणि मराठी शाळा यांच्यामध्ये जे अंतर आहे ते याहून मोठे आहे. भिली गटातील भाषांचे नाते एका बाजूने गुजराती-राजस्थानीशी आणि दुसऱ्या बाजूने खानदेशीशी आहे. मराठीचा संपर्क त्यांना आहे, परंतु त्या मराठीच्या बोली नव्हेत.

धडगाव हे अक्राणी तालुक्याचे मुख्य ठिकाण. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा झाला, त्यात हा तालुका समाविष्ट झाला. सातपुड्याच्या रांगा, उत्तरेस नर्मदा, आणि डोंगरउतारांवर एकमेकांपासून दूर बांधलेली घरे, असे येथील वस्तीचे स्वरूप आहे. दोन घरांमध्ये शेत असते, कधी ओहोळ असतो. पावरी आणि भिलीची निरनिराळी रूपे ही येथील घरांची भाषा. बाजारात त्यांच्या जोडीला अहिराणी व मराठी ऐकू येतात. तीन वर्षांच्या मुलाच्या कानावर मराठी पडते ती क्वचित बाजाराच्या दिवशी, होळीपूर्वीच्या भोंगऱ्याच्या गर्दीत, अथवा ध्वनिक्षेपकावरून. संभाषणाची भाषा म्हणून ती त्याला प्रथम भेटते ती अंगणवाडीत किंवा त्याहून उशिरा, पहिलीच्या वर्गात.

कोसबाडला जे अंतर प्रेम, सहवास व चिकाटी यांनी ओलांडता आले, ते येथे केवळ त्यांच्या बळावर ओलांडता येणार नाही. येथे भाषेची जाणीवपूर्वक योजना करावी लागते. अंगणवाडीचा आराखडा जेथे तयार झाला तेथे ही गरज तीव्रतेने जाणवली नसावी आणि म्हणून आराखड्यात ती उमटली नाही, असा हा कार्यकारणभाव आहे. यात ताराबाईंचा दोष नाही. दोष असेल तर तो आराखडा उचलताना भूमी न पाहणाऱ्यांचा आहे.

४

आता वर्तमानाकडे वळू. महाराष्ट्रात २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ या नावाने शाळापूर्व तयारी अभियान राबविले जाऊ लागले. पहिलीत येऊ घातलेल्या मुलांसाठी गावच्या शाळेत मेळावा भरवावयाचा. नोंदणी, शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक व भावनिक विकास, भाषाविकास, गणनपूर्व तयारी आणि पालकांना मार्गदर्शन अशी सात दालने मांडावयाची. मुलाने दालनादालनांतून फिरत कृती कराव्यात व त्यांची नोंद विकासपत्रावर व्हावी, अशी ही रचना आहे. पहिल्या मेळाव्यानंतर मातांचे गट करून त्यांना घरी करून घ्यावयाच्या कृतींची पत्रके दिली जातात आणि जूनमध्ये दुसरा मेळावा होतो.

या उपक्रमाचे गुण प्रथम सांगितले पाहिजेत. शाळेचे दार मुलाला परीक्षेच्या नव्हे तर जत्रेच्या वातावरणात उघडते. आईला शिक्षणातील भागीदार मानले जाते; निरक्षर आईही मुलाकडून बिया मोजवून घेऊ शकते, हे शासकीय यंत्रणेने मान्य करणे ही लहान गोष्ट नव्हे. गावातील तरुण स्वयंसेवक, अंगणवाडीसेविका आणि पहिलीचे शिक्षक एके ठिकाणी येतात. बालशिक्षण ही समाजाची जबाबदारी आहे या विचाराला येथे दृश्य रूप मिळते.

तथापि भाषाविकासाच्या दालनापाशी आपण थांबले पाहिजे. येथे मुलाला चित्र दाखवून त्याविषयी बोलावयास सांगतात, गोष्ट ऐकवितात, अक्षरांची ओळख पाहतात. मूळ साहित्य प्रमाण मराठीत आहे. नागपूर, सातारा वा नाशिक येथील मराठीभाषक मुलाच्या बाबतीत हे दालन त्याची भाषाशक्ती पाहते असे म्हणता येईल. तेच दालन धडगावच्या पाड्यावर मांडले की ते दुसरेच काही मोजू लागते. ते मोजते मुलाचा मराठीशी आलेला संपर्क, आणि नोंद होते ती मात्र ‘भाषाविकास’ या मथळ्याखाली. विकासपत्रावरील रकाना तोच; त्यात उतरलेली वस्तू निराळी. मापनाच्या शास्त्रात यापेक्षा गंभीर दोष संभवत नाही.

हा दोष भाषेच्या दालनापुरता मर्यादितही राहत नाही. भिली गटातील अनेक बोलींत मूळच्या ‘स’काराच्या जागी ‘ह’कार येतो, हे ग्रियर्सनपासून नोंदलेले वैशिष्ट्य आहे. अशा बोलीतील मूल ‘सात’ ही संख्या ‘हात’सारख्या उच्चाराने सांगेल. गणनपूर्व तयारीच्या दालनात बसलेल्या, बोलीशी अपरिचित अशा स्वयंसेवकास सहानंतर अवयवाचे नाव ऐकू येईल आणि तो मुलाला ‘सात म्हण’ असे सुधारील. मुलाचे मोजणे अचूक होते. सुधारला गेला तो उच्चार, आणि मुलाच्या मनात राहिले ते एवढेच की आपली संख्या चुकली.

५

या ठिकाणी प्रस्तुत लेखकाने स्वतःची एक चूक नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल. काही वर्षांपूर्वी धडगाव तालुक्यातील एका पाड्यावर मुलांच्या शब्दसंपत्तीचे संकलन करण्यासाठी लेखक गेला असता, त्याच्यापाशी चित्रांचे एक पत्रक होते. प्रत्येक चित्रासमोर एका शब्दापुरता रकाना होता. एका चित्रात नळावर हंडा भरणारी स्त्री होती व अपेक्षित उत्तर ‘नळ’ असे होते. सुमारे पाच वर्षांच्या एका मुलीने त्या चित्राकडे बराच वेळ पाहिले आणि काहीच सांगितले नाही. रकान्यात ‘प्रतिसाद नाही’ असे लिहिले गेले. पत्रक पुढे सरकले तेव्हा शेजारी बसलेल्या सेविकेने तेच चित्र मागे घेऊन मुलीला पावरीत काही विचारले. मुलगी बोलू लागली आणि थांबेना. तिचे म्हणणे सेविकेने मराठीत सांगितले ते असे : या बाईला पाण्यासाठी खाली उतरावे लागत नाही काय? हिच्या घराला लागूनच झरा आहे काय? आणि तसे असेल तर हंडा डोक्यावर घेण्यासाठी ही चुंबळ कशाला घेऊन आली आहे?

चित्रकाराने चुंबळ काढली होती, हे लेखकाच्या लक्षातही आले नव्हते. त्या मुलीने चित्रातील तपशील हेरला, त्याची स्वतःच्या अनुभवाशी तुलना केली, त्यावरून अनुमान केले, आणि अनुमानाशी न जुळणारी गोष्ट शोधून काढून तिच्यावर प्रश्न उभा केला. शाळेला जी भाषिक सिद्धता हवी असते, ती याहून वेगळी काय असते? परंतु पत्रकात जागा एका शब्दाची होती, तोही मराठी, आणि तो तिला ठाऊक नव्हता. सेविका शेजारी नसती तर ती नोंद तशीच राहिली असती, आणि अशा नोंदींच्या बेरजेवरून आदिवासी मुलांच्या शब्ददारिद्र्याविषयी एखादा निष्कर्षही निघाला असता.

हा अनुभव एकट्या लेखकाचा नाही. १९६५ मध्ये अमेरिकेत गरीब वस्त्यांतील मुलांना शाळेसाठी सिद्ध करण्याकरिता ‘हेड स्टार्ट’ ही मोठी योजना सुरू झाली, तेव्हा तिच्याभोवतीच्या विचारात ‘भाषिक अभावा’चा सिद्धान्त प्रबळ होता. या मुलांपाशी जणू भाषाच नाही असे समजून त्यांना वाक्ये घोटवून घेण्याचे कार्यक्रमही आखले गेले. विल्यम लबॉव्ह या भाषाशास्त्रज्ञाने १९६९ मधील आपल्या निबंधात या सिद्धान्ताचा पाया उखडून काढला. न्यूयॉर्कमधील हार्लेम वस्तीतला आठ वर्षांचा एक मुलगा मुलाखतीत एकेका शब्दात उत्तरे देत होता. पुढच्या वेळी मुलाखत घेणारा खाऊ घेऊन गेला, मुलाच्या जिवलग मित्राला बरोबर बसविले, आणि स्वतः जमिनीवर बसला. तोच मुलगा मग बोलण्यासाठी मित्राशी चढाओढ करू लागला. मुलाची भाषा दोन भेटींत बदलली नव्हती. बदलली होती ती भाषेला मिळणारी जागा. धडगावच्या मुलाच्या बाबतीत तर केवळ जागा बदलून भागत नाही, प्रश्नाची भाषाही बदलावी लागते.

६

या विवेचनावर काही आक्षेप घेतले जातात. त्यांचा विचार केल्याशिवाय निष्कर्षाकडे जाणे योग्य होणार नाही.

पहिला आक्षेप पालकांचा आहे व म्हणून तो सर्वांत वजनदार आहे. ‘आमची भाषा मुलाला येतेच, शाळेत पाठवितो ते मराठी यावी म्हणून,’ अशा आशयाचे बोलणे पाड्यापाड्यांवर ऐकू येते. यात कोणताही न्यूनगंड शोधण्याचे कारण नाही. दवाखाना, कचेरी, बाजारातील तोलकाटा व नोकरीचा अर्ज या सर्वांची भाषा मराठी आहे, आणि ती न आल्याची किंमत या पालकांनी मोजलेली आहे. त्यांची मागणी रास्त आहे. प्रश्न मागणीचा नसून क्रमाचा आहे. गोष्टीला आरंभ, मध्य व शेवट असतो, प्रश्नाला उत्तर अपेक्षित असते, ध्वनी सुटे करता येतात, ही जाण मूल एकदाच मिळविते, आणि एका भाषेत मिळविलेली ही जाण दुसऱ्या भाषेत वापरता येते. जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडलेला भाषांच्या परस्परावलंबनाचा सिद्धान्त हेच सांगतो. युनेस्कोच्या तज्ज्ञांनी १९५३ मध्येच शिक्षणाचा प्रारंभ मातृभाषेतून व्हावा अशी शिफारस केली होती. पावरीतून आरंभ करणे हा मराठी लांबणीवर टाकण्याचा मार्ग नव्हे. मराठी पक्की करण्याचा तो मार्ग आहे, हे पालकांना पटवावयाचे असेल तर ते शब्दांनी पटणार नाही. त्याचा परिणाम त्यांना मुलाच्या मराठी वाचनात दिसावा लागेल.

दुसरा आक्षेप असा की, धडगाव परिसरात घरची भाषा एक नाही; मग कोणती घ्यावयाची? तालुक्याच्या पातळीवर हा प्रश्न अवघड आहे, पाड्याच्या पातळीवर नाही. अंगणवाडीसेविका स्थानिक रहिवासी असावी असा नियम असल्यामुळे, बहुतेक पाड्यांवर मुलांची भाषा जाणणारी व्यक्ती नेमणुकीनेच उपलब्ध आहे. योजनेचे हे सर्वांत मोठे भाषिक भांडवल होय. परंतु त्याची गणना भांडवल म्हणून होत नाही. सेविका पावरीत बोलते ती जणू सवलत म्हणून, आणि पर्यवेक्षणाच्या वेळी मराठीकडे वळते. तिच्या द्विभाषिकत्वाला कामाचा अधिकृत भाग मानले, तर एक पैचा खर्च न होता पुष्कळ साधेल.

तिसरा आक्षेप, या भाषांना लेखनाची रूढ पद्धती नाही. तीन ते सहा या वयात हा आक्षेप जवळजवळ निरर्थक ठरतो, कारण या वयाचे शिक्षण मुख्यतः मौखिक असते. पुढील इयत्तांसाठी देवनागरी पुरेशी आहे. नर्मदा बचाव आंदोलनाने १९९१-९२ पासून अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील नर्मदाकाठच्या गावांत जीवनशाळा चालविल्या. स्थानिक तरुण शिक्षक म्हणून घेऊन, आरंभीच्या इयत्तांत मुलांची भाषा वापरून ती मुले पुढे मराठी शिक्षणात नेली गेली. जीवनशाळा या शाळा आहेत, बालवाड्या नव्हेत, त्यामुळे त्यांचा दाखला जपून वापरला पाहिजे. परंतु पावरी व भिलीतून शिकविता येत नाही, हे विधान त्यांनी निकालात काढले आहे. ओडिशाने २००६-०७ पासून संताळी, सौरा, कुई, कोया आदी दहा भाषांत प्राथमिक शाळांचा आरंभ केला, हे उदाहरणही शासनाच्या आवाक्यातील आहे.

कायद्याचा आधारही अपुरा नाही. १९५६ मध्ये संविधानात घातलेला अनुच्छेद ३५०-क, २००९ चा शिक्षणहक्क कायदा आणि २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, तिन्ही मातृभाषेची बाजू घेतात. तथापि या तरतुदी ‘शक्य तेथवर’ अशा पदांनी वेढलेल्या आहेत, आणि शक्य काय हे ठरविणारा माणूस सहसा पाड्यावर राहत नाही.

७

या चर्चेतून चार सूचना निघतात.

विकासपत्रावर मुलाने कोणत्या भाषेत प्रतिसाद दिला याची नोंद असावी. मुलाच्या घरच्या भाषेतील बोलणे व मराठीचा परिचय हे दोन रकाने वेगळे असावेत. एवढ्यानेही मापनातील मुख्य दोष दूर होईल.

मातांना दिली जाणारी पत्रके मराठीतून शब्दशः उतरवून देऊ नयेत. पाड्यावरची आई मुलाशी जे मुळातच बोलते त्यातून कृती निवडाव्यात. पहिला मेळावा एप्रिलच्या सुमारास भरतो, आणि धडगाव परिसरात तो आमचुराचा हंगाम असतो. कैऱ्या सोलणे, चिरणे, फोडी उन्हात पसरणे, वाळलेल्या व ओल्या वेगळ्या करणे, शेळ्या हाकलणे, ही कामे चालू असताना मूल आईच्या शेजारी असते. वर्गीकरण, क्रम, परिमाण, कारण आणि परिणाम हे सारे तेथे पावरीत बोलले जात असते. त्याला ‘गणनपूर्व तयारी’ हे नाव नाही, एवढेच.

एकच गोष्ट प्रथम सेविकेने पावरीत सांगावी व काही दिवसांनी तीच गोष्ट मराठीत सांगावी. वाक्यागणिक अनुवाद करीत जाऊ नये. त्याने मूल मराठी वाक्याकडे कान देण्याचे सोडून अनुवादाची वाट पाहते. ओळखीची गोष्ट नव्या भाषेत ऐकताना अर्थ हाताशी असतो आणि लक्ष भाषेकडे जाते.

शेवटची सूचना आरंभीच्या षष्ठीशी निगडित आहे. मेळाव्यातील सात दालनांच्या जोडीला आठवे दालन असावे. तेथे पहिलीच्या शिक्षकाने बसावे आणि पाड्यावरच्या माता व मुलांनी त्याला चित्रे दाखवून त्यांची पावरी नावे विचारावीत. ‘पाणी हवे का’, ‘कुठे दुखते’, ‘घरी कोण आहे’, ‘भिऊ नकोस’ ही वाक्ये त्याला म्हणता येतात का ते पाहावे, आणि जूनच्या मेळाव्यात प्रगती तपासावी. ही सूचना विनोदाने केलेली नाही. सहा वर्षांच्या मुलाने दोन महिन्यांत परकी भाषा आत्मसात करावी अशी अपेक्षा आपण गंभीरपणे करतो. प्रशिक्षित प्रौढ माणसाकडून पन्नास वाक्यांची अपेक्षा करणे त्याहून अवघड नसावे. भाषाविज्ञान विभागांनी अशा वाक्यांचे संच पाड्यावरच्या लोकांबरोबर बसून तयार करून दिले, तर आमच्या विषयाचाही थोडा उपयोग झाला असे म्हणता येईल.

लेखकाच्या जुन्या पत्रकावर ‘नळ’ या शब्दासमोरचा रकाना अद्याप तसाच आहे. ‘प्रतिसाद नाही’ ही नोंद खोडून तेथे त्या मुलीचे बोलणे लिहावे असे पुष्कळदा वाटले. परंतु ते त्या रकान्यात मावत नाही. नव्या पत्रकात रकाना मोठा ठेवला आहे, आणि प्रश्न विचारण्याचे काम सेविकेकडे दिले आहे.